‘सर्वानुमते मंजूर’ म्हणजे किती जणांच्या मते?

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे ‘संघटनेत सभासदाचा सक्रिय सहभाग’. हा विषय मिळाला की माझ्या वयाची माणसं ठरलेलं भाषण करतात. तरुण पुढे येत नाहीत, मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत, आमच्या वेळी असं नव्हतं, वगैरे. मी ते करणार नाही, कारण आमच्या वेळी नेमकं कसं होतं ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

मी एका शाळेत क्लार्क होतो. सातारा-सांगलीच्या पट्ट्यातलं आमचं तालुक्याचं गाव. आपल्याकडे बागवान, आतार, तांबोळी, मणियार, शिकलगार, पिंजारी अशी प्रत्येक बिरादरीची जमात असते, आणि कधीतरी कुणीतरी शिकलेला माणूस तिची रीतसर नोंदणी करून घेतो. तशी आमचीही संस्था. एक छोटा हॉल, कब्रस्तानाला लागून थोडी जागा, बँकेत खातं. माझं अक्षर बरं म्हणून मला सेक्रेटरी केलं. दुसरी कोणतीही पात्रता कुणी विचारली नाही. अकरा वर्षं मी प्रोसिडिंग बुक लिहिलं.

त्या बुकात प्रत्येक ठरावाखाली एकच ओळ आहे : ‘सर्वानुमते मंजूर’. रजिस्टरात ४१२ नावं. सभेला माणसं किती? बारा, चौदा, एका वर्षी नऊ. त्या नऊ जणांत मी होतो, अध्यक्ष होते, आणि हॉलची चावी ज्याच्याकडे असायची तो मुलगा होता.

तुमच्यापैकी ज्यांनी सर्वसाधारण सभेची नोटीस नीट वाचली असेल त्यांना तिच्या तळाची ओळ माहीत असेल. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल आणि त्या सभेला गणसंख्येची अट राहणार नाही. पतपेढी असो, हाउसिंग सोसायटी असो, तालीम असो, महाराष्ट्रात ही ओळ सगळीकडे आहे. सभा अकराची. अकराला आम्ही कोरम नाही असं जाहीर करायचो. मग चहा यायचा. साडेअकराला तीच माणसं, त्याच खुर्च्यांवर, कायदेशीर सभा. या अर्ध्या तासाचा मला कधी संकोच वाटला नाही. उलट बरंच वाटायचं. माणसं कमी म्हणजे वाद कमी, दुपारच्या जेवणाला घरी.

हा अर्धा तास आम्हाला किती महागात पडला ते आता सांगतो.

आमचे अध्यक्ष सतरा वर्षं अध्यक्ष होते. माणूस प्रामाणिक. पैशाचा घोटाळा केला असं मी म्हणणार नाही, कारण केला नव्हता. पण संस्थेचे सगळे कागद त्यांच्या घरच्या कपाटात असत. दर तीन वर्षांनी आम्ही कार्यकारिणीची निवडणूक ‘सर्वानुमते’ करायचो आणि कागद त्या कपाटात जायचा. आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, १९५० चा. त्याच्या कलम २२ प्रमाणे पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदलाची माहिती द्यावी लागते. आपण त्याला चेंज रिपोर्ट म्हणतो. आम्ही तो एकदाही दिला नाही. अध्यक्षांना वाटायचं सेक्रेटरीने दिला असेल. सेक्रेटरीला, म्हणजे मला, वाटायचं की अध्यक्षांचे वकील ओळखीचे आहेत, त्यांनी दिला असेल. सभेत चौदा माणसं. त्यातल्या एकानेही ‘रिपोर्ट गेला का?’ असं विचारलं नाही. विचारावं असं कुणाला सुचलंही नसेल, कारण नियमावलीची प्रत कपाटात होती.

मग अध्यक्षांचा इंतकाल झाला. खजिनदार आजारी, मुलाकडे पुण्याला. खात्यावर सही करायला उरलो मी एकटा आणि लागत होत्या दोन सह्या. बँकेत नवीन नावं द्यायला गेलो तर त्यांनी धर्मादाय कार्यालयाचा उतारा मागितला, परिशिष्ट एक. तो काढला. त्यावरची विश्वस्तांची नावं वीस वर्षांपूर्वीची. त्यातले काही जण आमच्याच कब्रस्तानात होते. बँकेचं चुकलं नव्हतं आणि कार्यालयाचंही चुकलं नव्हतं. मागचे सगळे बदल ओळीने द्या, उशीर का झाला त्याच्या माफीचा अर्ज द्या, मग पुढचं. चौदा महिने लागले. तेवढे दिवस खातं बंद.

त्या वर्षी आमच्या जमातीतल्या एका मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. वडील भाजीचा गाडा लावायचे. फीला सत्तर हजार कमी पडत होते. आमच्या खात्यात त्याच्या तिप्पट पडून होते आणि शिक्षणासाठी मदत हा संस्थेच्या उद्देशांतला पहिला उद्देश. वडील माझ्याकडे आले. येताना वर्गणीच्या पावत्या घेऊन आले, एकोणीस वर्षांच्या, रबर लावून ठेवलेल्या. म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, पैसे आहेत ना? मग अडलंय कुठं?”

खिशातून का दिले नाहीत, असं तुम्ही मनात म्हणत असाल. दिले. पाच जणांनी मिळून अकरा हजार जमवले. शेवटची तारीख निघून गेली. पुढच्या वर्षी ती जी.एन.एम.ला गेली, आज एका दवाखान्यात नोकरी करते, रस्त्यात भेटली की सलाम करते. मी मान वर करून उत्तर देतो, पण एक वर्ष गेलं ते गेलंच.

बरेच दिवस मी लोकांना दोष देत राहिलो. ४१२ माणसं आहेत, कुणी येत नाही, मी एकटा काय करणार? मग एका घरी मय्यत झाली. रात्री दीड वाजता बातमी. ना नोटीस, ना अजेंडा. मी पोचलो तोवर एकजण कब्र खोदणाऱ्याकडे गेला होता, दुसरा कफनाचं बघत होता, पोरं पाणी तापवत होती, कुणीतरी कोल्हापूरच्या बहिणीला फोन लावत होतं, शेजारच्या भाभींनी घरातल्या लेकरांना आपल्याकडे नेऊन निजवलं होतं. सकाळी कब्रस्तानात अडीचशे-तीनशे माणसं. यातले बहुतेक जण माझ्या सभेला कधीच आलेले नव्हते. कोविडच्या काळात हेच आपण आणखी मोठ्या प्रमाणावर बघितलं. घरचेसुद्धा जवळ जायला घाबरत होते तेव्हा आपल्या गावोगावच्या पोरांनी पीपीई किट घालून दफन केले, आणि ज्यांना जाळायचं त्यांना अग्नीही दिला. धर्म विचारला नाही.

तेव्हा माणसांत खोट नाही. मय्यतीत प्रत्येकाच्या हाताला काम असतं, ते काम संपलेलं डोळ्यांना दिसतं, आणि तू न आलास तर ते अडतं हे प्रत्येकाला माहीत असतं. माझ्या सभेत मात्र आलेल्या माणसाला कामच नव्हतं. ऐकायचं, हात वर करायचा, चहा प्यायचा. असल्या ठिकाणी मी तरी दुसऱ्यांदा कशाला गेलो असतो?

हे मी आमच्या एका प्राध्यापक मित्राजवळ बोललो. त्याने मला ऑड फेलोज नावाच्या संघटनेबद्दल वाचायला दिलं. नाव विचित्र आहे, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सामान्य कष्टकरी माणसांनी एकमेकांना ‘भाऊ’ म्हणायचं आणि अडचणीला उभं राहायचं, ही इंग्लंडमधली जुनी रीत. थॉमस वाइल्डी नावाचा लंडनचा एक लोहारकाम करणारा माणूस अमेरिकेत बाल्टिमोरला गेला. परक्या गावात आपलं कुणी नाही म्हणून त्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि २६ एप्रिल १८१९ ला त्याच्यासकट पाच जण जमले. जमले दारूच्या गुत्त्यात, तेवढं सोडून द्या. त्यांनी ठरवलेली कामं आपल्या जमातीचीच वाटतील अशी : आजाऱ्याला भेटायचं, अडलेल्याला मदत करायची, मेलेल्याला मूठमाती द्यायची, पोरक्या लेकरांना शिकवायचं. त्या पाचांचे पुढे लाखो झाले.

मला त्यांच्या रोजच्या रीती जास्त कामाच्या वाटल्या. आजाऱ्याकडे कुणी जायचं याची पाळी लावलेली असे, आणि अनेक शाखांच्या नियमांत पाळी चुकवली तर दंड होता. पैशाची मदत करून भेट टाळता येत नसे. पदांचंही तसंच. दाराशी उभं राहण्याच्या कामापासून माणूस सुरुवात करी आणि एकेक पायरी चढत सभेच्या खुर्चीपर्यंत जाई, मुदत संपली की खुर्ची दुसऱ्याची. त्यामुळे ज्याने आयुष्यभर हातोडा धरला त्यालाही हिशेब वाचणं, ठराव मांडणं, विरोधी बोलणाऱ्याला पुरतं बोलू देणं जमू लागलं.

त्यांचं सगळं गोड होतं असं समजू नका. तोंडाने ‘भाऊ’ म्हणणाऱ्या या मंडळींनी काळ्या माणसाला दाराबाहेर ठेवलं. तेव्हा पीटर ऑग्डन या काळ्या खलाशाने इंग्लंडमधल्या ऑड फेलोजकडून परवानगी मिळवली आणि १८४३ मध्ये न्यूयॉर्कला काळ्या लोकांची वेगळी शाखा सुरू झाली. बायकांसाठी गोऱ्या संघटनेने १८५१ मध्ये ‘रिबेका’ नावाची पदवी काढली. म्हणजे घ्यायचं, पण बाजूच्या खोलीत. आपल्याला हे ओळखीचं वाटतं ना? मलाही वाटलं. आमच्या ४१२ नावांत बायका तीन होत्या, तिघी विधवा, नवऱ्याच्या जागी नाव लागलेल्या.

पुढे तिकडे विमा आला, सरकारी पेन्शन आली आणि या बिरादऱ्या ओसरत गेल्या. थीडा स्कॉकपोल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००३ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं आहे की, त्या देशात सभासदांच्या संघटनांची जागा हळूहळू पगारी कार्यालयं चालवणाऱ्या संघटनांनी घेतली. सभासदाकडून फक्त चेक हवा, माणूस नको. आपल्याकडे चेकसुद्धा नको झालाय, अंगठा पुरतो. ग्रुपवर मी निरोप टाकला की साठ अंगठे येतात.

आता थोडं कायद्याचं, कारण त्यानेच माझे डोळे उघडले. आपल्या बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. सात माणसं जमली की संस्था होते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच कायद्याचं कलम १५ मात्र कुणी वाचत नाही. सभासद कोण, हे त्यात सांगितलंय, आणि पुढे असंही म्हटलंय की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून मोजताही येत नाही. चौदा महिने हेलपाटे घालताना आमच्या वकिलांनी हे दाखवलं. मी घरी येऊन रजिस्टर घेऊन बसलो. ४१२ पैकी मोजता येण्यासारखे निघाले ६१. बाकीचे काही वारलेले, काही गाव सोडून गेलेले, काहींनी पहिल्या वर्षानंतर पावती फाडलेली नाही. आम्ही व्यासपीठावरून ‘आपली चारशे जणांची संघटना’ असं म्हणायचो. यात आजीव सभासद वेगळे. एकदा एक हजार एक रुपये भरायचे आणि जन्मभर झोपायचं, ही आजीव सभासदाची सोय ज्याने काढली त्याने आपल्या संस्थांचं फार नुकसान केलंय असं माझं मत आहे.

तुमच्या अडचणीही मला माहीत आहेत. निम्मे जण पुण्यात, मुंबईत, शिफ्टमध्ये. घरचे म्हणतात, संस्थेत नाव कशाला, उद्या काही झालं तर पहिलं तुझं नाव घेतील. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, दिवसच तसे आहेत. पण हिशेब तपासलेले, प्रोसिडिंग लिहिलेलं, चेंज रिपोर्ट वेळेवर गेलेला, हे असलं की दारात कुणीही आलं तरी कागद पुढे करता येतो. धोका असतो तो अध्यक्षांच्या कपाटातल्या संस्थेला. आणि संघटना करणं हा आपला हक्क घटनेच्या कलम १९ मध्येच लिहिलेला आहे.

दुसरी तक्रार : मोठे लोक आम्हाला खुर्च्या लावायला ठेवतात. खरं आहे. मीही ठेवलंय. मग तुमच्यातले चार जण रागावतात, बाहेर पडतात, आणि त्याच नावापुढे ‘नव’ किंवा ‘युवा’ लावून दुसरी संस्था काढतात. वर्षभर जोर, मग तिचंही रजिस्टर कुणाच्या तरी कपाटात. एकेका तालुक्यात एकाच बिरादरीच्या अशा तीन-तीन संस्था मी बघितल्यात. रागावा, पण जाण्याआधी एक करा : नियमावलीची प्रत मागा आणि ती पुरी वाचा. मिळत नसेल तर लेखी मागा. हिशेब मागताना ‘पैसे खाल्ले का’ असं विचारू नका, ‘ऑडिट कधी झालं, प्रत बघू’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाने भांडण होतं आणि भांडणात हिशेब बाजूला राहतो.

खातं सुरू झाल्यावर आम्ही काही गोष्टी बदलल्या. मोठं काही नाही. खजिनदार दर महिन्याला पासबुकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकतो. फीच्या मदतीचे अर्ज तीन सभासद वाचतात, चिठ्ठ्या टाकून निवडलेले, त्यात एक बाई असलीच पाहिजे. अर्ज वाचायला मिळाले आणि लोकांचं बोलणंच बदललं. कुणाच्या घरी काय परिस्थिती आहे हे कागदावर बघितलेला माणूस सभेत पंधरा हजारांच्या मंडपाला हात वर करत नाही. आजारी माणसांच्या घरी जायची पाळी लावायचा प्रयत्न केला, तो अजून नीट जमलेला नाही. दंड लावा म्हटलं तर सगळे हसले. आणि सेक्रेटरीला दोनच मुदती, म्हणजे मी गेलो. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. अकरा वर्षांची सवय होती.

जाण्याआधीची एक सभा सांगतो. स्नेहमेळाव्यात शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्हांसाठी अठरा हजारांचा ठराव होता. नेहमीप्रमाणे मी लिहायला सुरुवात केली : सर्वानु... मागच्या रांगेतून एक बावीस वर्षांची मुलगी उठली. नवीन सभासद, स्वतःच्या नावावर, वडिलांच्या नव्हे. म्हणाली, “चाचा, माझी मंजुरी नाही.” तिचे वडील पुढच्या रांगेत बसलेले, ते मागे वळून तिला बसायची खूण करू लागले. मी म्हटलं, “बेटा, बाकी सगळ्यांची आहे.” ती म्हणाली, “मग तसं लिहा. माझं नाव घालून लिहा.”

हॉलमध्ये कुणी बोललं नाही. मी सर्वानु खोडलं आणि लिहिलं : ‘बहुमताने मंजूर. विरुद्ध १’, आणि पुढे तिचं नाव. अकरा वर्षांत त्या बुकातली ती पहिली खाडाखोड. ठराव त्या दिवशी मंजूरच झाला, शाली आल्या. पुढच्या वर्षी तोच ठराव आला तेव्हा विरुद्ध एकतीस होते आणि तो पडला. ते प्रोसिडिंग मी लिहिलेलं नाही. तेव्हा सेक्रेटरी दुसरा होता आणि त्याचं अक्षर माझ्याइतकं चांगलं नाही.

गेल्या वर्षीच्या सभेला मी साधा सभासद म्हणून गेलो. आता वर्गणी चालू असलेले १४० आहेत. नोटिशीच्या तळाची ती ओळ अजून आहे, वकिलांनी राहू द्या म्हणून सांगितलंय. कोरमला सत्तेचाळीस हवे होते. अकराला मोजले तर बावन्न निघाले आणि सभा लगेच सुरू झाली. चहावाला वर्षानुवर्षांच्या सवयीने साडेअकराला आला, हिशेबावर बोलणं ऐन रंगात असताना, आणि त्याने वीसच कप आणले होते.